वाल दिवाळीआधी फुलत नाही

तुम्ही विचारलंय, ‘हिरव्या भाज्या आणि शेंगा तुम्हाला खरंच आवडतात की तब्येतीसाठी खाता? आणि घरी जुन्या पद्धतीने लावायच्या असतील तर सुरुवात कशी करावी?’

पहिल्या भागाचं खरं उत्तर असं की सगळ्या नाही आवडत. गवार मी गूळ आणि दाण्याचं कूट घालून खाते, ती त्या गुळासाठीच. पालक बाराही महिने मिळतो आणि बाराही महिने पाणचट लागतो. पण वालाच्या शेंगा, पावसाळ्याच्या तोंडावर येणारा कोवळा टाकळा आणि वाळूत उगवलेली ती चिमुकल्या जुड्यांची समुद्रमेथी, यांच्यासाठी मी डोंबिवली स्टेशनबाहेर अर्धा तास घासाघीस करू शकते. तब्येतीसाठी म्हणून खाल्लेली भाजी दोन आठवड्यांच्या पुढे टिकलेली मी अजून कुणाच्या घरी पाहिलेली नाही.

माझं माहेर अलिबाग तालुक्यातलं, त्यामुळे दुसऱ्या भागाचं उत्तर वालावरूनच देते. त्याआधी नावांचा घोळ थोडा निस्तरते, नाहीतर बी आणायला जाल आणि भलतंच घेऊन याल. आमचा वाल आणि घाटावरचा पावटा ही एकाच जातीची भावंडं. बाजारात वालपापडी म्हणतात तीही त्यातलीच. श्रावणघेवडा म्हणजे फरसबी मात्र राजम्याच्या घरची, मूळची अमेरिकेतली. नुसतं ‘घेवडा लावा’ असं कुणी सांगितलं तर कुठला ते विचारून घ्या, कारण काही गावांत वालाच्या वेलालाही घेवडाच म्हणतात.

आमच्याकडे वाल वेगळ्या वावरात लावत नाहीत. भात कापून झालं की त्याच खाचरात पेरतात, साधारण नोव्हेंबरात. पाऊस संपलेला असतो, पण भाताने चार महिने पाण्यात उभं राहून जमिनीत जी ओल मुरवलेली असते, तिच्यावर हे पीक निघतं. वरून पाणी नाही. कस लागतो तो पेरणीच्या दिवसाचा. आजी खाचरात वाकून मूठभर माती घ्यायची, लाडू वळायची आणि खाली टाकायची. लाडू तसाच राहिला तर अजून थांबायचं, फुटून मोकळा झाला की वाफसा, म्हणजे पेरणीजोगी ओल, आला. मग नांगर फिरवून लगेच पेरायचं. ढिलाई केली तर वरचा थर वाळतो, बी उगवतं पण मूळ ओलीपर्यंत पोचत नाही. वेळेवर पडलेलं बी मात्र मूळ खोल सोडतं आणि पुढचे साडेतीन महिने पहाटेचं दव आणि खालची ओल यांच्यावर निभावतं. शिवाय वालाच्या मुळांवर गाठी असतात, त्यातले जिवाणू हवेतला नत्र धरतात. पुढच्या भाताला त्याचा फायदा होतो. हे मला शाळेत कळलं. आजी एवढंच म्हणायची, ‘वाल घेतला की शेत हसतं.’

जानेवारीत शेंगा भरतात आणि पोपटीची, म्हणजे शेतातच मडक्यात शेंगा शिजवण्याची, सुरुवात होते. मडक्याच्या तळाला भांबुर्डी या रानझुडपाचा पाला, त्यावर शेंगा, जाडं मीठ, ओवा, वाटलं तर अंडी किंवा मसाला लावलेलं चिकन, वरून पुन्हा पाला ठासायचा. मडकं शेतात उपडं घालून भोवती पालापाचोळा आणि पेंढा पेटवायचा. पाण्याचा थेंब घालत नाहीत, शेंगा आपल्याच वाफेवर शिजतात. भांबुर्डीला जो एक उग्र वास असतो त्याच्याशिवाय पोपटी म्हणजे नुसत्या उकडलेल्या शेंगा. मी कुकरमध्ये केळीच्या पानात करून पाहिली, त्याबद्दल न बोललेलं बरं.

उरलेलं पीक वाळू देतात आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये उपटतात. उपटायचं भल्या पहाटे, दव असताना, कारण ऊन चढलं की शेंगा तडकतात आणि दाणे शेतातच सांडतात. हेच कडवे वाल मग वर्षभर बिरड्याला, म्हणजे मोड आलेल्या वालांच्या उसळीला. रात्रभर भिजत घालायचे, फडक्यात बांधून मोड आणायचे, कोमट पाण्यात टाकून सोलायचे. भिजवलेलं पाणी ओतून द्या आणि वाल नीट शिजवूनच खा, वाळलेले दाणे कच्चे खाण्यासारखे नसतात.

आता माझी फजिती. डोंबिवलीत आले तेव्हा हौसेने मे महिन्यात ग्रिलमधल्या कुंडीत वाल लावला. रोज पाणी, महिन्याला शेणखत. वेल असा माजला की वरच्या मजल्यावरच्या काकूंच्या ग्रिलमध्ये शिरला. त्यांनी दोनदा सांगून पाहिलं, तिसऱ्यांदा कात्री दाखवली. ऑगस्ट गेला, गणपती गेले, एक फूल नाही. शेवटी गावी आत्याला फोन केला. ती हसतच सुटली. ‘अगं, दिवाळीआधी वाल कुणाला फुलतो गं? आणि पाणी कशाला घालतेस एवढं?’

कारण साधं आहे. या जुन्या वालांना फुलायला लहान दिवस आणि मोठी रात्र लागते. दिवस आखडत गेले की वेलाला खूण पटते आणि तो पाने सोडून फुलांकडे वळतो. पावसाळ्याच्या सुरुवातीला मांडवावर चढवलेला वेलसुद्धा पाच महिने नुसता वाढतो आणि थंडीतच शेंगा देतो. परसात मांडव असेल तर ते ठीक, तेवढा पसारा मावतो. कुंडीत मात्र बी दसऱ्याच्या आसपास लावा. बाराही महिने शेंगा हव्या असतील तर दिवसाच्या लांबीची पर्वा न करणारे झुडपी वाण आहेत, बंगळूरच्या भारतीय फलोद्यान संशोधन संस्थेचे अर्का जय आणि अर्का विजय त्यातलेच. चांगले आहेत, लवकर येतात. मला त्यांत आमच्या वालाची चव सापडत नाही, पण हा माझ्या माहेरचा पक्षपात समजा.

बी शक्यतो कुणा शेतकऱ्याकडून मागून आणा. वाल बहुतेक स्वतःच्याच परागावर फळतो, त्यामुळे घरी राखलेलं बी पुढच्या वर्षी बऱ्यापैकी तसंच निघतं. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी अशीच गावठी बियाणी जपली, त्यात वाल-घेवड्याचे कितीतरी प्रकार, आणि 2020 मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. करायचं एवढंच की सगळ्यात निरोगी वेलावरच्या चारपाच भरदार शेंगांना हात लावायचा नाही. वेलावरच वाळू द्यायच्या, दाणे खुळखुळले की काढून चुलीच्या राखेत घोळवून बरणीत भरायचे. दुधी-दोडक्याचं बी मात्र असं भरवशाचं नसतं, मधमाश्या शेजारपाजारचे पराग आणतात. आणि घरच्या दुधीचा तुकडा चाखल्यावर कडू लागला तर तो सरळ फेका, हळहळू नका.

वालावर मावा, म्हणजे रस शोषणारे बारीक किडे, हमखास पडतो. काळे ठिपके शेंड्याला चिकटलेले दिसले की सकाळी पानं दवाने ओली असताना चाळलेली राख धुरळायची. शहरात राख मिळत नसेल तर साबणाचं पाणी फवारा, आणि फारच झाला तर शेंडा खुडून टाका.

तुम्ही पहिल्यांदाच लावणार असाल तर वालाच्या आधी समुद्रमेथी करून बघा. पसरट टोपलीत नाहीतर जुन्या परातीला भोकं पाडून चार बोटं वाळू घाला, रात्रभर भिजवलेली स्वयंपाकघरातलीच मेथी दाट पसरा, वर वाळूचा पातळ थर. सकाळ-संध्याकाळ शिंपडा. दहा-पंधरा दिवसांत मुळासकट उपटून धुवायची. वाळू जाईपर्यंत चारपाच पाण्यांतून काढा, इथे आळस केलात तर दाताखाली कचकच येणारच.

आणि माझ्या त्या वेलाचं म्हणाल, तर आत्याचं ऐकून पाणी तोडलं आणि भाऊबीजेनंतर पहिला तुरा आला, पांढरा. शेंगा सगळ्या वरच्या काकूंच्या ग्रिलमध्ये लागल्या. त्यांनी अर्ध्या खाली पाठवल्या.