प्रश्न वाचकांचे : गॅलियमचा क्षार, फ्लोराइडचा दाह

प्रश्न : लोटे परशुराम येथील एका छोट्या प्रयोगशाळेत मी काम करतो. आमच्याकडे अमोनियम हेक्साफ्लोरोगॅलेट हा पांढरा क्षार मागवला आहे. गॅलियम हा धातू फारसा विषारी नसतो असे ऐकले होते, मग बाटलीवर हात आणि धातू झिजवणाऱ्या द्रवाचे चित्र का? पावसाळ्यात तो कसा ठेवावा? आणि दापोली-मंडणगडच्या सड्यांवरील (कातळपठारांवरील) बॉक्साइटमध्ये, म्हणजे ॲल्युमिनियमच्या खनिजात, गॅलियम असताना हा क्षार मिळायला इतका उशीर का लागतो? – एक वाचक, चिपळूण

उत्तर : आपण धोका गॅलियममध्ये शोधत आहात, तो फ्लोराइडमध्ये आहे. या क्षारात तीन अमोनियम, एक गॅलियम आणि सहा फ्लोरीन असल्याने त्याच्या वजनात गॅलियम सुमारे २९ टक्के, तर फ्लोरीन सुमारे ४८ टक्के भरते. तीव्र आम्लाशी संपर्क आला की हायड्रोजन फ्लोराइड सुटतो, आणि तीव्र अल्कलीशी आला की अमोनिया. तापवल्यास अमोनियम फ्लोराइडच्या वाफा निघून शेवटी गॅलियम फ्लोराइड उरते, म्हणून ते काम फ्यूम हूडखेरीज (वाफा बाहेर ओढून नेणाऱ्या कपाटाखेरीज) कुठेही करू नये. अमोनिया वायूच्या प्रवाहात खूप तापवून यापासून गॅलियम नायट्राइड मिळवता येते. एलईडीत वापरतात तेच हे संयुग, आणि प्रयोगशाळांना या क्षारात रस वाटतो तो मुख्यतः त्यासाठी.

फ्लोराइडच्या भाजण्याविषयी थोडे विस्ताराने सांगणे आवश्यक वाटते. साधे आम्ल लागले की लगेच चटका बसतो आणि माणूस हात झटकून नळाकडे धावतो; हायड्रोफ्लोरिक आम्ल (पाण्यात विरघळलेला हायड्रोजन फ्लोराइड) सौम्य असेल, तर वेदना काही तासांनीही सुरू होऊ शकते, आणि तोवर फ्लोराइड त्वचेतून आत शिरून शरीरातील कॅल्शियम बांधून टाकू लागलेले असते. म्हणून दुखत नसले तरी दूषित कपडे काढून तो भाग ताबडतोब वाहत्या पाण्याखाली भरपूर धुवावा, नंतर २.५ टक्क्यांचे कॅल्शियम ग्लुकोनेट जेल चोळत राहावे आणि रुग्णालयात पोहोचताच ‘फ्लोराइड’ हा शब्द आधी सांगावा. आपल्याकडे भाजल्यावर खोबरेल तेल लावण्याची सवय घरोघरी आहे. इथे ते कृपया लावू नये. जेलची ट्यूब क्षाराची बाटली उघडण्यापूर्वीच प्रयोगशाळेत आणून ठेवावी, आणि तिची मुदत संपलेली नाही ना, हे पाहावे. डोळ्यांत कण गेल्यास पापण्या उघड्या धरून किमान पंधरा मिनिटे पाण्याने धुवावे व लगेच डॉक्टर गाठावा. नायट्राइल हातमोजे आणि बंदिस्त गॉगल हवेतच.

साठवणीसाठी काच टाळावी, कारण ओल आणि आम्लता एकत्र आली की फ्लोराइड काच खातो. घट्ट झाकणाची पॉलिथिनची बाटली घ्यावी आणि ती सिलिका जेलच्या पुड्या घातलेल्या दुसऱ्या डब्यात ठेवावी. जून ते सप्टेंबरच्या आपल्या दमट हवेत झाकण उघडे टाकून वजन करीत बसू नये. आम्लांच्या बाटल्या त्याच कपाटात नसाव्यात. जुलै २०२१ च्या पुरात चिपळूणची काय अवस्था झाली ते आपण पाहिलेच आहे. अशी रसायने जमिनीलगतच्या फळीवर ठेवू नयेत.

आता पुरवठ्याविषयी. बॉक्साइटमध्ये गॅलियम असते हे खरे, पण एका टनात साधारण पन्नासेक ग्रॅमच. खनिजातून थेट ते काढणे परवडत नाही. बॉक्साइटपासून ॲल्युमिना (ॲल्युमिनियम ऑक्साइड) काढणाऱ्या कारखान्यात तेच कॉस्टिक सोड्याचे द्रावण पुन्हा पुन्हा फिरवले जात असताना त्यात गॅलियम साठत जाते आणि तिथूनच ते वेगळे करतात. म्हणजे सड्यावर नुसती खाण असून भागत नाही, शुद्धीकरण कारखाना आणि त्यात गॅलियम वेगळे करण्याची यंत्रणा, दोन्ही लागतात. जगातील प्राथमिक (पुनर्वापरातून न आलेल्या, नव्याने काढलेल्या) गॅलियमचे ९५ टक्क्यांहून अधिक उत्पादन चीनमध्ये होते, आणि १ ऑगस्ट २०२३ पासून त्या देशाने गॅलियमच्या निर्यातीसाठी परवाना बंधनकारक केला. त्यात हा क्षार खपतो ग्रॅमच्या मापाने, आणि संक्षारक म्हणून त्याची वाहतूक धोकादायक मालाच्या वर्ग ८ मध्ये मोडल्यास साधे कुरियर तो घेत नाही. मागणी नोंदवताना सुरक्षा माहितीपत्रक आणि त्या बॅचचा शुद्धतेचा दाखला पुरवठादाराकडून लेखी मागून घ्यावा, आणि माल शक्यतो मे अखेरपूर्वी हाती येईल अशा बेताने मागणी पाठवावी.