पोटरी सुजलीय? आधी चोळू नकोस

नव्याने पळायला लागल्यावर दोन्ही पोटऱ्या दुखणारच, त्याने घाबरू नकोस. पळताना अचानक कळ आली असेल आणि चवड्यावर उभं राहिलं की दुखत असेल, तर बहुधा स्नायू ताणलाय.

पण मार न लागता एकच पोटरी सुजली, गरम लागली, तर शिरेत रक्ताची गुठळी असू शकते. अलीकडे लांबचा प्रवास, प्लॅस्टर, ऑपरेशन, गर्भनिरोधक गोळ्या, यातलं काही झालंय का, आठव.

नवे लोक हमखास करतात त्या चुका:
- तेल लावून रगडणं. गुठळी सुटून फुप्फुसात जाऊ शकते!
- ‘रविवारपर्यंत बघू’ म्हणणं.

दोन्ही पोटऱ्या टेपने एकाच उंचीवर मोज. ३ सेंटिमीटरहून जास्त फरक असेल तर त्याच दिवशी डॉक्टर गाठ; फरक कमी असला, तरी शंका असेल तर जाच. गुठळी आहे का, ते डॉपलर सोनोग्राफीत (शिरेतलं रक्त कसं वाहतंय ते दाखवणारी तपासणी) कळतं. धाप लागली किंवा छातीत दुखलं, तर थेट १०८.