पेशंटच्या सीडीपासून सर्व्हरपर्यंत: डायकॉम फाइल्सविषयी तुमचे प्रश्न

सीटी, एमआरआय, डिजिटल एक्स-रे यांच्या प्रतिमा साठवायच्या आणि पाठवायच्या त्या डायकॉम या मानकानुसार. १९९३ पासून ते या नावाने चालत आलं आहे. बेल्जियममधल्या लिएज विद्यापीठ रुग्णालयात तयार झालेला ऑर्थँक हा अशा प्रतिमा साठवणारा मोफत सर्व्हर लहान सेंटर्सही आता बसवू लागली आहेत. या वेळचे बरेच प्रश्न त्याच्याभोवतीचे आहेत.

प्रश्न: पेशंट बाहेरच्या सेंटरची सीडी आणतात. आत शेकडो फाइल्स असतात, पुढे एक्स्टेन्शन नसतं, सोबत एक व्ह्यूअर प्रोग्राम असतो. यातलं सर्व्हरवर नेमकं काय चढवायचं? आमचा ऑपरेटर प्रत्येक फाइलला पेशंटचं नाव देऊन ठेवतो. (ऑर्थोपेडिक सर्जन, सांगली)

नावं बदलणं आधी थांबवा. डायकॉम फाइलची ओळख तिच्या नावात नसते, आत असते. सुरुवातीचे १२८ बाइट राखीव असतात, त्यानंतर ‘डीआयसीएम’ ही चार रोमन अक्षरं येतात. पेशंट, तपासणी, तारीख हे सगळं त्यापुढच्या टॅगमध्ये, म्हणजे माहितीच्या ठरलेल्या रकान्यांत. त्यामुळे एक्स्टेन्शन असो वा नसो, सर्व्हरचं काही अडत नाही.

सीडीवर डायकॉमडीआयआर नावाची एक फाइल असते. कोणती प्रतिमा कुठल्या फोल्डरमध्ये आहे, याची ती यादी. तुम्ही नावं बदललीत की ही यादी निरुपयोगी होते, आणि पेशंट तीच कॉपी घेऊन पुढच्या डॉक्टरांकडे गेला तर तिथे काहीच उघडत नाही. सीडी जशीच्या तशी हार्ड डिस्कवर उतरवा आणि अख्खं फोल्डर अपलोडला द्या. डायकॉम नसलेल्या फाइल्स सर्व्हर घेतच नाही. सीडीतला व्ह्यूअर मात्र हॉस्पिटलच्या कॉम्प्युटरवर चालवू नका. बाहेरून आलेला कुठलाही प्रोग्राम म्हणजे व्हायरसला उघडं दार.

प्रश्न: दोन वेगळ्या सेंटरच्या सीडी चढवल्या, आणि एका बाईंच्या नावाखाली भलत्याच पुरुषाचा सीटी दिसायला लागला. सर्व्हर बिघडला आहे का? (टेक्निशियन, बारामती)

सर्व्हर ठीक आहे. तरीही आलेल्या प्रश्नांत मला सगळ्यात जास्त काळजी वाटली ती याच प्रश्नाची, कारण अशा गोंधळातून चुकीच्या माणसावर चुकीचे उपचार होऊ शकतात.

झालं असं असणार. पेशंट आयडी हा टॅग ज्याचं त्याचं सेंटर भरतं. एका सेंटरचा १०४५ नंबरचा पेशंट आणि दुसऱ्या सेंटरचा १०४५ नंबरचा पेशंट यांचा एकमेकांशी काही संबंध नसतो. पण ऑर्थँक रुग्ण ओळखतो तो फक्त या आयडीवरून. नाव, जन्मतारीख, लिंग वेगळं असलं तरी आयडी एक म्हणजे रुग्ण एक. रुग्णांच्या यादीत नाव दिसतं ते आधी आलेल्याचं, आणि नंतरच्याची तपासणी गुपचूप त्याच्याखाली जाऊन बसते.

आता काय कराल? दुसऱ्या माणसाची तपासणी उघडा, एखाद्या स्लाइसचे (सीटीतल्या एका छेदाच्या प्रतिमेचे) टॅग वाचा आणि नाव, जन्मतारीख, लिंग, तपासणीची तारीख कागदी रिपोर्टशी ताडून पाहा. खात्री पटली की फक्त त्या तपासणीचा पेशंट आयडी बदलून तुमच्या हॉस्पिटलचा नंबर द्या. असा बदल केला की ऑर्थँक नव्या यूआयडीची (फाइलच्या आतला, दुसऱ्या कशालाच नसलेला ओळख क्रमांक) नवी प्रत तयार करतो आणि मूळ प्रत बहुधा तशीच राहते. नवी प्रत स्लाइस मोजून तपासा, मगच मूळ काढा. कुणी पुढे तीच सीडी पुन्हा चढवली तर यूआयडी वेगळा असल्यामुळे जुनी तपासणी परत येऊन बसेल. म्हणून दुरुस्ती कुणी, कधी, कशाची केली हे वहीत लिहा.

पुढच्यासाठी एक पद्धत कायमची लावून घ्या. बाहेरची सीडी थेट मुख्य सर्व्हरवर कधीच नाही. एका साध्या कॉम्प्युटरवर दुसरा ऑर्थँक बसवा आणि सीडी तिथे उतरवा. पेशंट किंवा नातेवाईक समोर असतानाच नाव आणि जन्मतारीख विचारून घ्या, आयडी बदला, मग मुख्य सर्व्हरला पाठवा. जुना आयडी पुसून टाकू नका. त्याच्यासाठी ‘इतर पेशंट आयडी’चा वेगळा टॅग आहे. ओपीडीत गर्दी असते, हे सगळं नकोसं वाटतं, मला ठाऊक आहे. तरीही हे टाळू नका.

प्रश्न: मोठ्या डॉक्टरांना व्हॉट्सअॅपवर पाठवायला सीटीचे जेपीजी काढले तर चालतात का? (निवासी डॉक्टर, सोलापूर)

‘पेशंट निघालाय, चित्र साधारण असं आहे’ एवढं कळवायला चालतात, तेही नाव झाकून. निदानासाठी चालत नाहीत. सीटीमध्ये साधारणपणे १२ बिटांची माहिती असते, म्हणजे करड्या रंगाच्या ४,०९६ छटा. नेहमीच्या जेपीजीत उरतात २५६. छातीच्या सीटीत फुप्फुस पाहायला एक विंडो (पडद्यावर दाखवायच्या छटांचा पट्टा) लागते आणि मधल्या भागातल्या गाठी पाहायला दुसरी. जेपीजी ज्या विंडोत काढला तीच कायमची, बघणाऱ्याला ती बदलता येत नाही. ऊतीची घनता सांगणारा हाउन्सफील्ड आकडाही मोजता येत नाही. ५१२ बाय ५१२ ची एक स्लाइस सुमारे अर्धा एमबी, म्हणजे ६०० स्लाइसचा सीटी ३०० एमबीच्या आसपास. मूळ डायकॉम फाइल्सच झिप करून सुरक्षित लिंकने पाठवा.

प्रश्न: प्रबंधासाठी केसेस बाहेर काढायच्या आहेत. पेशंटचं नाव काढलं की पुरे ना? (पदव्युत्तर विद्यार्थिनी, नागपूर)

पुरे नाही. जन्मतारीख, आयडी, पाठवणाऱ्या डॉक्टरांचं नाव, हॉस्पिटलचं नाव, शिवाय मशीन कंपनीचे खासगी टॅग, यांतून माणूस शोधता येतो. ऑर्थँकच्या अॅनोनिमाइझ (ओळख पुसण्याच्या) सोयीने यातलं बरंचसं निघतं, पण सोनोग्राफीत नाव पुष्कळदा चित्रातच छापलेलं असतं आणि टॅग पुसून ते जात नाही. तिथे तो पट्टा काळा करावा लागतो. डोक्याच्या सीटी-एमआरआयच्या पातळ स्लाइसवरून चेहराही उभा करता येतो, हे एथिक्स कमिटीच्या अर्जात स्पष्ट लिहा. कोणती केस कोणाची, ही यादी वेगळी, कुलपात.

प्रश्न: पेशंटचं नाव मराठीत टाकलं की दुसऱ्या सेंटरला प्रश्नचिन्हं दिसतात. (रिसेप्शन, रत्नागिरी)

फाइलमध्ये अक्षरसंचाचा एक टॅग असतो. देवनागरीसाठी तिथे ‘आयएसओ आयआर १९२’, म्हणजे यूटीएफ-८, असं हवं. तुमच्या मशीनने ते लिहिलं तरी समोरच्या जुन्या मशीनला ते वाचता येईलच असं नाही. सध्या नाव रोमन लिपीत, आधार कार्डावरच्या स्पेलिंगप्रमाणे टाका. रिपोर्ट मराठीत द्यायला काहीच हरकत नाही.

प्रश्न: नवा सर्व्हर घेतला आहे. जुन्याचं फोल्डर कॉपी-पेस्ट केलं तर होईल का? (सेंटर चालक, कोल्हापूर)

सेटिंग बदललं नसेल तर ऑर्थँक प्रतिमा वेगळ्या ठेवतो आणि त्यांची अनुक्रमणिका एसक्यूलाइट डेटाबेसमध्ये ठेवतो. दोन्ही एकत्र, आणि सर्व्हर बंद करूनच, उचलायला हवं. चालू असताना केलेली कॉपी भरवशाची नाही. मी स्वतः एका सर्व्हरकडून दुसऱ्याकडे डायकॉमनेच पाठवणं पसंत करते. वेळ जास्त लागतो, पण मध्येच वीज गेली तरी पुन्हा पाठवता येतं. प्रत्येक प्रतिमेला स्वतःचा यूआयडी असल्यामुळे डबल नोंद होत नाही.

काही तपासण्या जायला नकार देतील. बहुतेक वेळा कारण कॉम्प्रेशनचं असतं: फाइल जेपीईजी २००० मध्ये आणि समोरचा ते स्वीकारत नाही. घेणाऱ्या बाजूच्या सेटिंगमध्ये ते चालू करा. शेवटी दोन्हीकडचे रुग्ण, तपासण्या, सीरिज (एका तपासणीतले प्रतिमांचे गट) आणि प्रतिमांचे आकडे जुळवा, जुन्यातल्या जुन्या काही तपासण्या प्रत्यक्ष उघडून बघा. आकडे जुळेपर्यंत जुन्या डिस्कला हात लावू नका.