पेनड्राइव्ह नव्हता तो

"मॅडम, मी तो पेनड्राइव्ह समजून लॅपटॉपला लावायला निघाले होते."

ताईंनी पर्समधून एक प्लॅस्टिकची पिशवी काढली. आत बोटभर लांबीची निळी वस्तू होती. पिशवीची गाठ सोडली तसा खोलीभर आंब्याचा वास पसरला. ऑक्टोबर महिना चालू होता. तो वेप होता, म्हणजे ई-सिगारेट.

मुलगा 19 वर्षांचा, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. त्याला ओंकार म्हणू; नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. घर कोथरूडचं. वडील संध्याकाळी टपरीवर चहाबरोबर एक सिगारेट ओढून येतात. घरात सगळ्यांना ते माहीत आहे, पण विषय कुणी काढत नाही. ताईंनी विचारलेला प्रश्न मी बऱ्याच आयांच्या तोंडून ऐकला आहे: "तो म्हणतो नुसती वाफ आहे, यात तंबाखू नाही. छातीचा एक्स-रे काढला, तोही एकदम क्लिअर आला. मी उगाच घाबरते आहे का?"

उगाच नाही. फक्त त्या घाबरत होत्या भलत्याच गोष्टींना. नातेवाइकांच्या ग्रुपवर आलेले सगळे मेसेज त्यांनी ओंकारला पाठवले होते: 'पॉपकॉर्न लंग', अमेरिकेतले मृत्यू, काळी पडलेली फुफ्फुसं. आणि ओंकारने प्रत्येक मेसेज खोडून काढला होता.

पुढच्या भेटीत तो एकटाच आला. हुडी, मांडीवर बॅग, चेहऱ्यावर 'आता तुम्ही पण सुरू करा' असा भाव. मी त्याला आधी त्याचीच बाजू मांडायला सांगितली. तो तयारीने आला होता. 2019-20 मध्ये अमेरिकेत वेपमुळे फुफ्फुसांना इजा झालेले 2,800 हून अधिक रुग्ण नोंदले गेले, 68 जण दगावले. पण त्यातले बहुतेक जण गांजाच्या अर्काचं तेल ओढत होते आणि त्या तेलात व्हिटॅमिन ई अॅसिटेट मिसळलेलं होतं. 'पॉपकॉर्न लंग' हा आजार मिझुरीतल्या पॉपकॉर्नच्या कारखान्यातल्या कामगारांना झाला होता, लोण्याचा वास देणाऱ्या डायअॅसिटिलमुळे.

"बरोबर आहे तुझं," मी म्हणाले. तो जरा गडबडला. भीती घालायला अर्धवट माहिती वापरली की मुलं ती चटकन पकडतात आणि मग आपल्या खऱ्या माहितीवरही विश्वास ठेवत नाहीत. हे मी स्वतः ठेच खाऊन शिकले आहे.

मग मी त्याला विचारलं, "तुमच्या किचनमध्ये चिमणीच्या वरच्या टाइल्स कधी पुसल्यास?"

दिवाळीच्या साफसफाईत पुसल्या होत्या. फोडणीचा धूर दिसतो क्षणभर, पण टाइल्सवर चिकट थर बसतो. वेपची वाफ ही पाण्याची वाफ नाहीच. प्रॉपिलीन ग्लायकॉल आणि ग्लिसरीन तापवून केलेले ते अतिसूक्ष्म थेंब असतात. ही दोन्ही द्रव्यं खाण्यात चालतात, म्हणून ती निरुपद्रवी, असा त्याचा युक्तिवाद. तूपही खाण्यात चालतं, पण श्वासनलिकेत गेलेलं चालतं का? शिवाय तापल्यावर त्यांतून फॉर्मल्डिहाइड, अॅक्रोलिन तयार होतं, आणि तापणाऱ्या तारेतून निकेल, क्रोमियम, शिसं यांचे अंश येतात. श्वासनलिकेला आतून जी बारीक लव असते, कफ वर ढकलणारी, तिचं काम मंदावतं. वेप ओढणाऱ्या किशोरवयीन मुलांत खोकला आणि कफाच्या तक्रारी जास्त आढळल्या आहेत, त्या यामुळेही असू शकतात.

"पण माझा एक्स-रे—"

एक्स-रे क्लिअर असणारच. नुकसान सुरू होतं ते दोन मिलिमीटरहून बारीक वायुनलिकांत. तिथली सुरुवातीची सूज एक्स-रेवर दिसत नाही. फुफ्फुसाला आतून वेदना कळत नाही, त्यामुळे दुखतही नाही. आणि फुफ्फुसांची ताकद साधारण विशी-पंचविशीपर्यंत वाढत असते. नंतर ती हळूहळू उतरत जाते, सगळ्यांचीच. म्हणजे ओंकारचं मुद्दल अजून जमा होतंय. आत्ता कमी जमलं तर पन्नाशीत त्याच्यावरच भागवायचं. वेप पहिल्यांदा बाजारात आला 2003 च्या सुमारास, चीनमध्ये. विशीपासून तो ओढणारा माणूस साठीत कसा असतो हे बघायला तसा माणूसच अजून जगात नाही. सिगारेटचा हिशेब डॉक्टरांना कळायलाही कित्येक दशकं गेली होती.

तो गप्प होता. मग स्वतःच म्हणाला, "सिंहगड चढताना हल्ली बोलता येत नाही. बाबांशी गप्पा मारत जायचो आधी."

मला यापेक्षाही जास्त काळजी वाटते ती निकोटीनची. हल्लीच्या वेपमध्ये निकोटीनचे क्षार असतात, ते घशाला टोचत नाहीत, ठसका लागत नाही. 5 टक्क्यांच्या द्रवात दर मिलिलिटरला 50 मिलिग्रॅम निकोटीन. हे झालं लेबलवरचं. 2019 च्या कायद्याने देशात ई-सिगारेटची विक्री, आयात, साठवणूक, जाहिरात सगळ्यावर बंदी आहे. त्यामुळे चोरून येणाऱ्या मालात काय आहे हे कुणी तपासलेलं नसतं. सिगारेट निदान संपते, विझते, हाताला वास राहतो. वेपला शेवटच नाही. बाथरूममध्ये, लेक्चरला मागच्या बाकावर, पांघरुणाखाली. मी त्याला एक दिवस प्रत्येक झुरक्याला वहीत रेघ मारायला सांगितलं. दुपारी चारला 140 रेघा झाल्यावर त्याने मोजणं सोडलं. माझ्या सगळ्या बोलण्यापेक्षा ती वही कामाला आली.

सोडायची तारीख त्यानेच ठरवली. छातीच्या डॉक्टरांकडे पाठवलं. निकोटीनचा गम द्यायचा की नाही, ते त्यांनी ठरवायचं. तलफ आली तर म्हणून 1800-11-2356 हा तंबाखू सोडण्यासाठीचा मोफत राष्ट्रीय क्रमांक फोनमध्ये टाकून घेतला. पहिले तीन दिवस डोकं फिरेल, झोप उडेल, हे ताईंनाही सांगून ठेवलं. त्यांच्याकडून एकच कबूल करून घेतलं: बॅग तपासायची नाही. ते त्यांना ओंकारच्या वेप सोडण्याइतकंच जड गेलं असावं. वडिलांनी टपरी बंद केलेली नाही, त्यावर मी काही बोललेही नाही. ओंकार मात्र बोलला म्हणे.

मध्यंतरी सबमिशनच्या आठवड्यात मित्राच्या रूमवर त्याचा हात पुन्हा गेला. रात्री घरी येऊन त्याने आपणहून सांगितलं. ताईंनी मला फोनवर ते सगळं जसंच्या तसं ऐकवलं.

"कितवा दिवस होता रे?"

"त्रेपन्नावा."

"मग आता उद्या परत पहिला?"

"नाही गं. मॅडमनी सांगितलंय, मागचे पुसायचे नाहीत. उद्या चोपन्नावा."