इंजिन नंतर बघा, आधी रिब बनवा

पिटेनपोल एअर कँपर, म्हणजे घरी बांधता येणारं छोटं लाकडी विमान, बांधायचं ठरवलंत, मनापासून आनंद झाला. पण इंजिनच्या शोधात आत्ताच लागू नका. फोर्ड मॉडेल ए या जुन्या मोटारीचं की आणखी कुठलं, हा प्रश्न वर्षभर तरी थांबू शकतो.

आधी पंखाची एक रिब, म्हणजे पंखाला आकार देणारी फासळी, बनवा. स्प्रूस या हलक्या लाकडाच्या पाव बाय अर्धा इंची पट्ट्या, सांध्यांवर पातळ प्लायवूडचे तुकडे. पट्टी उजेडात धरून लाकडाच्या तंतूंची रेषा बघा: पंधरा इंचांत एक इंचाहून जास्त तिरपी गेली, तर ती पट्टी बाजूला ठेवा, कितीही देखणी असली तरी.

इपॉक्सी या कालवून लावायच्या गोंदाचा सांधा करकचून आवळू नका, गोंद सगळा बाहेर येतो आणि सांधा उपाशी राहतो. प्रत्येक वेळी कालवलेल्या गोंदातून एक नमुना सांधा जोडा, पूर्ण सुकल्यावर हातोडीने फोडा. लाकूड फाटलं तर उत्तम. गोंदाची रेष स्वच्छ सुटली, तर त्या खेपेचे सगळे सांधे पुन्हा करायचे. इथे दयामाया नको.

आणि सांगाड्यावर कापड चढवण्याआधी जाणत्या माणसाकडून आतलं सगळं तपासून घ्या. प्रत्येक भागाच्या वजनाची वहीही पहिल्या रिबपासूनच ठेवा, शेपटीकडे वाढलेलं वजन विमानाचा तोल बिघडवतं आणि फार महागात पडतं.