'धर्मावर टीका' म्हणजे 'धर्माची निंदा' का?

प्रश्न असा आहे. सोलापुरातल्या एका वक्तृत्व स्पर्धेसाठी 'धर्मावर टीका करण्याचा हक्क' हा विषय ठरला. फलक लागण्याआधीच आक्षेप आला की टीका आणि निंदा एकच, त्यापेक्षा 'धर्मचिकित्सा' लिहा. कोणता शब्द बरोबर? आणि आपल्याकडच्या कायद्याबद्दल बोलताना 'ईशनिंदा' म्हणता येईल का?

'टीका'च ठेवा. हा शब्द निंदेहून वेगळा तर आहेच, शिवाय त्याच्या पोटात जे दोन अर्थ आहेत ते या विषयाला दोन्ही हवेत.

'टीक्' या धातूचा अर्थ जाणे, पोचणे. जिच्या आधाराने ग्रंथाच्या अर्थापर्यंत पोचता येते ती टीका, अशी जुनी व्युत्पत्ती आहे. 'शके बाराशते बारोत्तरे, तैं टीका केली ज्ञानेश्वरे' या ओवीत, म्हणजे इ.स. १२९० मध्ये, टीका करणे म्हणजे गीतेचा अर्थ उलगडणे. दोष दाखवणे हा अर्थ मागाहून चिकटला आणि वर्तमानपत्री मराठीत तोच वरचढ झाला. तरी 'टीकाकार' हा शब्द आजही भाष्यकारालाही चालतो आणि दोष दाखवणाऱ्यालाही.

सोलापुरात तर हा शब्द एका गल्लीतून दुसऱ्या गल्लीत जाताना अर्थ बदलतो. पूर्व भागातल्या तेलुगू घरात 'टीका-तात्पर्यम्' म्हटले की पद्याचा शब्दार्थ आणि भावार्थ. कानडीतला 'टीके' मराठीसारखाच, दोष दाखवणारा. हिंदीत टीका म्हणजे लस किंवा कपाळावरचा टिळा. उर्दूत टीकेला 'तनकीद' आणि अपमानाला 'तौहीन' असे दोन स्वतंत्र शब्द आहेत, त्यामुळे तिथे असा घोटाळा सहसा होत नाही. मराठीतही तो व्हायचे कारण नाही.

टीका आणि निंदा वेगळी करायची तर वाक्यापुढे 'कारण' जोडून पाहा. 'ही प्रथा अन्यायाची आहे, कारण ती माणसाला देवळाच्या पायरीशी थांबवते' ही टीका. ती खोडायची तर ते कारण खोडावे लागते. निंदेला कारण लागत नाही, तिचे काम हिणवण्याने भागते. दुसरी कसोटी व्याकरणातल्या कर्माची, म्हणजे बोलणे कशावर रोखले आहे याची. 'अमुक शिकवण चुकीची आहे' यात कर्म विचार आहे. 'त्या धर्माची माणसे अशीच' म्हटले की कर्म माणूस झाला. ती धर्मावरची टीका राहिलीच नाही, तो समाजाविषयीचा द्वेष झाला, आणि कायद्यातही त्याचे कलम वेगळे आहे. दगडाच्या नागाला दूध पाजणारे खरा नाग दिसला की मारा म्हणतात, हे बसवेश्वरांचे वचन पहिल्या कसोटीला लावून पाहा. मंगळवेढ्यात काही काळ राहिलेल्या या माणसाचे बोलणे झोंबरे आहे, पण त्यात विसंगती बोट ठेवून दाखवली आहे. ती टीकाच.

मग 'चिकित्सा' का नको? हा शब्द वैद्याचा. रोग ओळखून उपाय करणे हा त्याचा मूळ व्यवहार, त्यातून बारकाईने तपासणे हा अर्थ आला. महाभारताच्या 'चिकित्सक आवृत्ती'त तो अगदी चपखल बसतो. पण फलकावर नुसता 'चिकित्सा' लिहिला तर हक्क अभ्यासकांपुरता आणि मवाळ भाषेपुरता उरतो. घटनेच्या अनुच्छेद १९(१)(क) मधला भाषण-अभिव्यक्तीचा हक्क सगळ्या नागरिकांचा आहे, हातमागावर बसणाऱ्याचा आणि विडी वळणारीचाही. त्यांनी पूर्वपक्ष-उत्तरपक्ष, म्हणजे आधी समोरच्याची बाजू आणि मग तिचे उत्तर, मांडूनच बोलावे अशी अट तिथे नाही.

'विटंबना' आणि 'विडंबन' ही अशीच गफलतीची जोडी. दोन्हींच्या मुळाशी 'विडम्ब्', म्हणजे नक्कल करणे. मराठीत वाटा फुटल्या. विडंबन हा साहित्यप्रकार, तर विटंबना म्हणजे मूर्ती, पुतळा, ग्रंथ, प्रेत अशा गोष्टींची हेळसांड किंवा अप्रतिष्ठा. व्यंगचित्राला 'विटंबना' म्हटले की कागदावरच्या रेषेला मूर्तिभंगाचे वजन येते. बातमी लिहिणाऱ्यांनी हे जपायला हवे.

आता 'ईशनिंदा'. भारतीय कायद्यात या नावाचा गुन्हा नाही. शिवाय जैन आणि बौद्ध परंपरा सृष्टिकर्ता ईश्वर मानत नाहीत, मग त्यांच्याबाबत 'ईश' कुठून आणणार? आपल्याकडे आहे ते धार्मिक भावनांवर आघात करण्याबद्दलचे कलम: जुन्या भारतीय दंडसंहितेचे २९५-अ, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचे २९९. त्याचा जन्म १९२७ चा. प्रेषितावरच्या एका पुस्तकाच्या खटल्यात लाहोर उच्च न्यायालयाने प्रकाशकाला सोडले, कारण तेव्हाचे कलम १५३-अ समाजासमाजांतल्या वैराबद्दल होते, दिवंगत धर्मपुरुषावरच्या हल्ल्याबद्दल नव्हते. ती फट बुजवायला नवे कलम आले. त्यात बुद्धिपुरस्सर आणि दुष्ट हेतू असा जोड हेतू लागतो. १९५७ च्या रामजी लाल मोदी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कलम वैध ठरवले, पण नकळत, बेपर्वाईने किंवा तसा हेतू नसताना झालेला अपमान त्यात बसत नाही असेही सांगितले. हा निकाल 'सार्वजनिक सुव्यवस्था' या आधारावर उभा आहे. अनुच्छेद १९(२) मधल्या, या हक्कावरच्या निर्बंधांच्या यादीत 'धार्मिक भावना' हे शब्दच नाहीत.

इथे मराठीचे एक क्रियापद फार घोळ घालते. दुखणे अकर्मक, दुखवणे सकर्मक. 'दुखावणे' मुळात अकर्मकाच्या अंगाने चालते: बैलाचा खांदा दुखावला, मन दुखावले. 'भावना दुखावल्या' या वाक्यात कोणी आणि कशासाठी हे दोन्ही गळून पडते. कायदा मात्र नेमके तेच विचारतो, करणारा कोण आणि त्याचा हेतू काय. इंग्रजी कलमातही शब्द दोन आहेत: २९९ मध्ये 'आउटरेज', म्हणजे भावनांवर घोर आघात, त्याला तीन वर्षांपर्यंत शिक्षा, आणि त्याच न्याय संहितेच्या ३०२ मध्ये 'वूंड', म्हणजे दुखवणे, त्याला एक वर्षापर्यंत. मराठीत दोन्हींना सरसकट 'भावना दुखावणे' म्हटले जाते. निदान लिहिताना 'भावना दुखवणारे विधान' लिहावे, 'दुखावणारे' नव्हे.

आक्षेप घेणाऱ्यांना दाखवण्यासारखा एक जुना शब्दही आहे. भीमेच्या काठी, कलबुर्गी जिल्ह्यातल्या सन्नतीला चंद्रलांबेच्या देवस्थानात १९८६ साली कालीमंदिराचे छत कोसळले आणि मूर्तीखालच्या शिळेवर अशोकाचे लेख सापडले. त्यांत बारावा शिलालेख आहे. त्यात 'पासंड' म्हणजे पंथ, कोणताही पंथ, आपलाही. त्याचाच पुढे 'पाखंड' झाला आणि शिवी बनला. अशोक तिथे सांगतो की सगळ्याचे मूळ 'वचिगुती', म्हणजे वाणीचा संयम: प्रसंग नसता स्वतःच्या पंथाची स्तुती नको, दुसऱ्याच्या पंथाची 'गरहा' नको, आणि प्रसंग असला तर ती सौम्य असावी. गरहा म्हणजे गर्हा, निंदा. राजाने संयम मागितला, पण प्रसंगाची वाट मोकळी ठेवली.

फलकावर असे लिहा: 'अभिव्यक्तिस्वातंत्र्य आणि धर्मावर टीका करण्याचा हक्क'. पहिला शब्द सामासिक आहे, म्हणून 'क्ति' ऱ्हस्व आणि मध्ये जागा सोडायची नाही. 'अधिकार'ही चुकीचा नाही, पण घटनेच्या मराठी पाठात 'मूलभूत हक्क' आहे, म्हणून 'हक्क'.