तुमचे प्रश्न, आमची उत्तरं : नाट्यगृहात मदतीला जायचंय, विचारायचं कोणाला?

प्रश्न : मी जळगावची, शाळेतून रिटायर झालेली शिक्षिका. नाटकाची आणि गाण्याची आवड भरपूर, पण मला ना अभिनय येतो ना गाता येतं. वाटलं एखाद्या नाट्यगृहात काही मदत करावी, म्हणून एकदा जाऊन विचारलं, तर काउंटरवरचे भाऊ "तारीख बुक करायचीये का ताई" एवढंच विचारत राहिले. घरचे म्हणतात या वयात फुकट राबायचं कशाला. काय करू?

उत्तर : ताई, त्या भाऊंचं चुकलं नाही हो. आपल्याकडे नाट्यगृह म्हणजे हॉल, पालिकेचा नाहीतर सरकारी, कधी ठेक्याने चालवायला दिलेला, आणि तो तारखेवर भाड्याने मिळतो. त्या दिवसापुरता तो ज्या संस्थेने घेतला तिचा. तेव्हा माणसं हॉलला नाही लागत, संस्थेला लागतात, आणि खूप लागतात, कारण आपल्या खान्देशात हौशी संस्थांकडे कलाकार असतात पण दारावर उभं राहायला कोणी नसतं.

मग संस्था शोधायच्या कशा, तर कार्यक्रमाला जा आणि संपल्यावर पाच मिनिटं थांबा. जळगावात जानेवारीत बालगंधर्व संगीत महोत्सव होतो, राज्य नाट्य स्पर्धेच्या प्राथमिक फेरीचं केंद्र असतं, एकांकिका आहेत, बालनाट्यं आहेत. बॅनर बांधणारा, खुर्च्या सरकवणारा जो धावपळ करताना दिसेल त्यालाच सांगा, की पुढच्या वेळी मी येते. अमळनेरला फेब्रुवारी 2024 मध्ये 97 वं साहित्य संमेलन झालं तसल्या मोठ्या सोहळ्यात हातांची गरज असतेच, पण मला विचाराल तर सुरुवात छोट्या संस्थेपासून करा, तिथे तुम्हाला नावाने ओळखतील आणि दुसऱ्यांदा बोलावतील.

आता काम काय करायचं. तुम्ही म्हणता अभिनय येत नाही, पण प्रेक्षकांकडे बघणं हे मोठंच काम आहे. टॉर्च खाली पायऱ्यांवर मारायचा, कोणाच्या तोंडावर नाही. तिसरी घंटा झाल्यावर आलेल्या माणसाला लगेच रांगेत घुसवायचं नाही, नाटकातला चालू प्रवेश संपून अंधार झाला की किंवा गाण्याला टाळ्या पडल्या की मग हळूच न्यायचं, तोवर कडेला उभं करायचं आणि तेही गोड बोलून, आणि हे गोड पण ठाम बोलणं तुम्हा शिक्षकांना जमतं तसं कोणाला जमत नाही. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांना कडेची खुर्ची. आणि एखाद्या खेड्यातून आजी वहीगायन, म्हणजे आपलं खान्देशी लोकगायन, ऐकायला आल्यात, एवढा मोठा हॉल बघून दारातच थबकल्यात, तर त्यांना अहिराणीत "या माय, आठे बठा", म्हणजे इथे बसा, म्हणणारं कोणीतरी हवंच, नाहीतर त्या सगळा कार्यक्रम मागे उभ्यानेच ऐकतात, मी पाहिलंय.

एक गोष्ट मात्र गंभीरपणे सांगते. बाहेर पडायची दारं. गर्दी वाढली की कोणीतरी दारापुढे जादा खुर्च्या टाकतं, फुकटे घुसू नयेत म्हणून कडी लावतं. 1997 साली दिल्लीच्या उपहार सिनेमागृहात आगीत 59 माणसं गेली, वाट अडलेली होती म्हणून बाल्कनीतल्यांना बाहेर पडता आलं नाही. तेव्हा पोचल्या पोचल्या सगळी दारं स्वतः उघडून बघा, आणि कोणी खुर्ची टाकली तर उचलायला लावा, भले तो संस्थेचा अध्यक्ष असो.

खुल्या नाट्यगृहात आणखी एक आहे, वेळ. उघड्यावर रात्री दहानंतर लाउडस्पीकर चालत नाही, वर्षातले मोजके दिवस सरकार बारापर्यंत सूट देतं तेवढंच. म्हणजे सत्कार लांबले, भाषणं लांबली की मार कलाकाराच्या शेवटच्या गाण्याला बसतो. ज्यांचं नाव आपल्या खुल्या नाट्यगृहाला आहे ते बालगंधर्व लहानपणी जळगावातच गाणं शिकले, तिथे मैफलीच्या शेवटची भैरवी अर्धवट राहावी हे बघवत नाही. घड्याळाकडे बघून सूत्रसंचालकाला चिठ्ठी पाठवायची, एवढं एक काम जरी तुम्ही घेतलं ना ताई तरी गाणारे आणि ऐकणारे दोघंही दुवा देतील.

आणि बालनाट्य! तिथे तर तुम्ही सोन्यासारख्या. वीस-पंचवीस पोरं ग्रीन रूममध्ये, कोणाची मिशी निघालेली, कोणाला एंट्रीच्या आधीच शू लागलेली, कोणी रडतंय, आणि दिग्दर्शक बिचारा लाइटवाल्याशी बोलतोय. एका बाईने फक्त पोरांना एंट्रीच्या क्रमाने बसवून ठेवलं, पाणी पाजलं, गप्प ठेवलं, की अर्धं नाटक तिथेच उभं राहतं.

घरच्यांच्या फुकट राबण्याच्या मुद्द्यात तथ्य आहे, तो उडवून लावू नका. सफाईवाले, लाइट-साउंडवाले, बुकिंगवाले यांचं ते पोट आहे, त्यांचं काम फुकट करायला आपण जायचं नाही. कोणी महागडी तिकिटं लावून धंद्यासाठी शो करत असेल तर तिथे मोबदला मागा, लाजू नका. पण हौशी मंडळी पदरमोड करून नाटक उभं करतात तिथे दिलेला वेळ वाया नाही. फक्त आधीच बोलून घ्या, किती ते किती थांबणार, चहा-नाश्त्याचं काय, रात्री घरी कोण सोडणार. आणि हो म्हटलं की जायचंच, पाहुणे आले म्हणून ऐनवेळी नाही म्हणायचं नाही, सगळी व्यवस्था त्या एका माणसावर असते.

प्रश्न : मी धुळ्यात कॉलेजला आहे, गाव तालुक्याचं. बॅकस्टेजला काम शिकायचंय पण आई म्हणते पोरीच्या जातीने रात्री-बेरात्री नाटकवाल्यांसोबत राहायचं नाही. तिला कसं समजावू?

उत्तर : आधी कामाचं सांगते मग आईचं. प्रयोगाच्या दिवशी उगवू नको, तालमीपासून जा. कुठला पाट, कुठली टोपी, कुठलं पत्र कोणाच्या हातात कधी लागतं याची वही कर, वस्तू एका टेबलावर क्रमाने मांड, आणि वापरून झाली की तिथेच परत आली का बघ. सेटच्या जागांना टेपच्या खुणा कर, अंधारात नटाला त्याच दिसतात. विंगेत, म्हणजे रंगमंचाच्या कडेला पडद्याआड, बोलायचं नाही, मोबाईल बंद, आणि लाइट कमी-जास्त करायच्या डिमरला कोणी शिकवल्याशिवाय हात लावायचा नाही. टाळ्या झाल्यावर सेट उतरवायला थांबणारे फार कमी असतात, जी थांबते तिला पुढच्या नाटकात न विचारता घेतात.

आता आई. तिची भीती खोटी नाहीये बाळा, शेवटची एसटी गेली तर काय हा प्रश्न खराच आहे. तिला समजावत बसू नको, दाखव. एकदा तालमीला घेऊन ये, दिग्दर्शकाशी आणि ग्रुपमधल्या दुसऱ्या मुलींशी भेट घालून दे, त्यांचे नंबर आईच्या फोनमध्ये राहू दे. प्रयोगाच्या रात्री मुक्काम कुठे, मैत्रिणीकडे की होस्टेलला, हे आठ दिवस आधी ठरव, आणि परीक्षेच्या महिन्यात नाटक घेणार नाही हे तूच आधी सांगून टाक. जो ग्रुप एवढं सगळं ठरवायला कंटाळा करतो किंवा आईला तालमीला येऊ देत नाही, तो ग्रुप सोड, धुळ्यात दुसरे आहेत.